तूप अंगी लागते, पण कोणत्या वाटेने?

दिवाळीच्या सुमारास ह्या पानाच्या पत्त्यावर जी पत्रे येतात, त्यांचे मी दोन गठ्ठे करतो. वसुबारसेच्या आधी येणाऱ्या पत्रांत "फराळाचे किती खाल्ले तर चालेल?" असा प्रश्न असतो, आणि भाऊबीजेनंतर येणाऱ्या पत्रांत "इतके इतके खाल्ले आहे, आता काय करू?" असा. पहिल्या गठ्ठ्याला दिलेले उत्तर कोणी मनावर घेत नाही म्हणूनच दुसरा गठ्ठा तयार होतो, हे मला आता अनुभवाने समजले आहे. तेव्हा यंदा त्या हिशेबात मी शिरणार नाही.

यंदा एका भगिनीने अगदी निराळाच प्रश्न विचारला आहे. त्या लिहितात, "आमच्या सासूबाई म्हणतात, घरचे तूप अंगी लागते. माझा आठवीतला मुलगा मला विचारतो की, अंगी लागते म्हणजे आतून नेमके कुठून कुठे जाते? मला काही सांगता आले नाही." प्रश्न लहान मुलाचा असला तरी तो सोडवायला वैद्यकशास्त्राला फार मोठा काळ लागला आहे, आणि त्याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे माणसे अजूनही फसतात, भितात आणि विनाकारण खंगतात. दिवाळी अंकात संपादकांनी नेहमीपेक्षा ऐसपैस जागा दिली आहे. तेव्हा आज ही तुपाची वाट शेवटपर्यंत चालून पाहू.

उत्तराचा गाभा आधीच सांगून टाकतो. करंजीतली साखर आणि करंजीतले तूप एकाच घासाबरोबर पोटात जातात; पण लहान आतड्यात पोचल्यावर त्यांची फारकत होते. साखर रक्तात शिरते आणि सरळ यकृताकडे जाते. तूप मात्र रक्तात शिरतच नाही. ते एका वेगळ्याच, दुधासारख्या पांढऱ्या ओढ्यातून वर चढते, आणि थेट मानेच्या पायथ्याशी जाऊन मग रक्ताला मिळते. पोटात उतरलेला पदार्थ गळ्यापर्यंत परत येतो, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल; पण ते अक्षरशः खरे आहे.

पहिली अडचण अगदी घरगुती आहे. तेल पाण्यात मिसळत नाही. आपल्या शरीराचा सारा कारभार पाण्यावर चालतो आणि तूप-तेल तर पाण्याशी फटकून वागते. नरकचतुर्दशीला अंगभर तेल चोपडल्यावर नुसत्या पाण्याचे चार तांबे ओतून ते निघत नाही. उटणे लावावे लागते, शिकेकाई लागते. आतड्यातही तेच. तिथली शिकेकाई म्हणजे पित्त. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते आणि त्यातले काही दाट करून पित्ताशय नावाच्या लहानशा पिशवीत साठवून ठेवते. तूप लहान आतड्याच्या दाराशी आले की आतड्याची भिंत रक्तात एक द्रव्य सोडते. ते पित्ताशयाला दारावरच्या घंटेसारखे ऐकू जाते आणि पिशवी आकसून पित्त खाली ओतते. मग तुपाच्या मोठ्या थेंबांचे बारीक बारीक थेंब होतात. काटकसर पाहा : हे काम करणारे पित्तातले क्षार फुकट जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला त्यांतले बहुतेक सगळे पुन्हा शोषले जातात आणि यकृताकडे परत पाठवले जातात.

जेवणावर गरम पाणी प्यायले की खाल्लेले तूप विरघळून जाते, अशी एक समजूत घरोघर आहे. गरम पाणी प्यावे, बरे वाटते. पण आपले पोट सदतीस अंशांवर आधीच उबदार असते, तिथे तूप पातळच असते. ते पातळ करायचा प्रश्न नसतो, फोडायचा असतो. आणि ते काम पाण्याचे नव्हे.

फोडण्याचे काम स्वादुपिंडातून येणारा पाचकरस करतो. तुपाचा एक कण म्हणजे एका लहानशा आडव्या दांडीला लोंबणाऱ्या तीन लांब शेपट्या, असे समजा. पाचकरस त्यांतल्या दोन शेपट्या कापून मोकळ्या करतो. त्या दोन आणि एका शेपटीसकट उरलेली दांडी असे तीन तुकडे आतड्याच्या भिंतीतल्या पेशींत शिरतात. इथवर ठीक आहे. पण आत गेल्यावर पेशी काय करते? ती हे तुकडे पुन्हा जोडून पहिल्यासारखा तुपाचा कण तयार करते!

मग आधी तोडायचे कशाला? ज्यांनी गिरगावात किंवा परळच्या चाळीत बिऱ्हाड हलवले आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. आजोबांचे शिसवी कपाट चाळीच्या अरुंद जिन्यातून अखंड वर जात नाही. त्याची दारे काढायची, फळ्या सुट्या करायच्या, एकेक वर न्यायची आणि खोलीत गेल्यावर सुताराकडून पुन्हा उभे करून घ्यायचे. पेशीची भिंत हा तो जिना. तुकडे मावतात, अखंड कपाट मावत नाही.

कपाट उभे राहिले. आता ते पाण्याच्या प्रवाहातून पुढे कसे न्यायचे? त्यासाठी पेशी करंज्या करते. मी गमतीने म्हणत नाही. याहून चांगली उपमा मला सापडलेली नाही. आत तुपाचे सारण, त्यात थोडे कोलेस्टेरॉल, आणि बाहेरून पाण्याशी जुळवून घेणारी पातळ पारी, तिच्यात थोडेसे प्रथिन. सारण भरपूर आणि पारी अगदी नावापुरती. प्रथिन तर शंभरात एक-दोन भाग. ह्या करंज्यांना शास्त्रात कायलोमायक्रॉन म्हणतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे ह्याच सारणात बसून प्रवास करतात. गाजराच्या कोशिंबिरीला वरून फोडणी द्यावी, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवले नव्हते. पण त्या फोडणीतल्या चमचाभर तेलाशिवाय गाजरातला कॅरोटीन हा पदार्थ अंगात नीट शिरत नाही, हे आज आपण जाणतो. शरीराला त्याच्यापासून अ जीवनसत्त्व करता येते. तेल-तूप पार वर्ज्य करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता वाटेकडे वळू. सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखे अस्तर असते. त्या मखमलीचा एकेक तंतू म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर उंचीचा, किंवा त्याहूनही आखूड, असा अंकुर. प्रत्येक अंकुरात रक्ताच्या केशवाहिन्यांचे जाळे असते आणि मधोमध एक बंद टोकाची नळी असते. रक्ताच्या जाळ्याची छिद्रे इतकी बारीक की साखर आणि प्रथिनांचे तुकडे आत जातात, पण तुपाची करंजी जात नाही. मधल्या नळीच्या भिंतीतल्या पेशी मात्र एकमेकींवर कौलांसारख्या चढवलेल्या असतात आणि त्यांच्यामधून करंज्या आत घसरतात. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उंदरांच्या ह्या नळ्यांतली फट बंद केली. शर्टाला दूर दूर लावलेल्या बटणांऐवजी सलग चेन लावावी, तसे काहीसे. ते उंदीर स्निग्ध अन्न खाऊनही लठ्ठ झाले नाहीत. तूप शोषलेच गेले नाही. उंदरांवरचा प्रयोग उंदरांपुरता. पण दार कुठे आहे हे त्याने पक्के दाखवले.

साखरेची वाट यकृतावरून जाते. जकात नाके आता महाराष्ट्रात राहिले नाहीत, पण ज्यांनी ते पाहिले आहेत त्यांना कल्पना येईल : प्रत्येक गाडी थांबवायची, माल पाहायचा, काही उतरवून घ्यायचा, बाकीचा पुढे सोडायचा. यकृत हा तसा नाका आहे. तूप हा नाका चुकवून बाहेरच्या रस्त्याने जाते. अंकुरांतल्या नळ्या एकत्र मिळतात, आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातून आणि तिथल्या गाठींमधून वाहतात आणि कमरेच्या वरच्या मणक्यांपुढे असलेल्या एका लहान हौदात येतात. तिथून पाठीच्या कण्याला लागून, हृदयाच्या मागून, सुमारे चाळीस सेंटिमीटर लांबीची एक नळी वर चढते आणि डाव्या बाजूला मान जिथे खांद्याला मिळते तिथल्या मोठ्या शिरेत रिकामी होते. ह्या वाहिन्यांतल्या पाण्यासारख्या द्रवाला लसीका म्हणतात. तो सर्वांगातून गोळा होतो. आतड्याकडून आलेल्या लसीकेत तूप असते म्हणून ती दुधासारखी दिसते एवढेच.

ह्या ओढ्याला हृदयासारखा पंप नाही. नळ्यांच्या भिंती स्वतःच आकसतात, आत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात आणि आपला श्वास व हालचाल त्यांना मदत करतात. म्हणून हा प्रवास संथ असतो. बाराच्या जेवणातले तूप तीन-चारच्या सुमाराला रक्तात सर्वांत जास्त असते. त्या वेळी रक्त काढून ठेवले तर वर साचणारे पिवळसर पाणी गढूळ, कधी दुधाळ दिसते. रक्त तपासायच्या आदल्या रात्रीपासून उपाशी राहा, असे डॉक्टर का सांगतात, त्याचे कारण हे. हल्ली नुसत्या कोलेस्टेरॉलच्या तपासणीला ही अट पूर्वीइतकी कडक उरलेली नाही. पण ट्रायग्लिसराइड म्हणजे तुपाचेच प्रमाण पाहायचे असेल, तर सकाळी चिवडा आणि चकली खाऊन प्रयोगशाळेत जाऊ नये. तो आकडा तुमचा नसतो, चकलीचा असतो.

रक्तात आल्यावर करंज्या अंगभर फिरतात आणि स्नायूंत व चरबीच्या थरांत आपले सारण उतरवतात. बरोबर साखर आलेली असेल तर शरीर इन्शुलिन सोडते आणि इन्शुलिन चरबीच्या थरांची दारे अधिक उघडते. तूप आणि साखर जोडीने खाल्ली की अंगी लागते ती अशी. रिकाम्या होत आलेल्या करंज्या शेवटी यकृतच उचलून नेते. म्हणजे नाका चुकवला तरी हिशेब अखेर तिथेच द्यावा लागतो! आणि जास्त खाल्लेले आपोआप बाहेर पडेल, अशी आशा बाळगू नये. निरोगी माणूस शंभर ग्रॅम तूप-तेलातले त्र्याण्णवाहून अधिक ग्रॅम शोषून घेतो. आतड्याइतका चोख वसुली कारकून दुसरा नाही.

ही पांढरी वाट माणसाच्या दृष्टीला पहिल्यांदा पडली ती योगायोगाने. २३ जुलै १६२२ रोजी इटलीतले शल्यवैद्य गास्पारे आसेल्ली काही स्नेह्यांना एका जिवंत कुत्र्याच्या शरीरातल्या मज्जातंतूंचे काम दाखवत होते. त्या काळी गुंगीचे औषध नव्हते; त्या मुक्या जनावराच्या यातनांवर आपले हे ज्ञान उभे आहे, हे विसरता येत नाही. पोट उघडल्यावर आतड्यांच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे दिसले. आसेल्लींना आधी ते मज्जातंतूच वाटले. त्यांनी एक दोरा कापला, तो दुधासारखा द्रव उसळला. पुढे दुसऱ्या कुत्र्यात त्यांनी हे दोरे शोधले, तर एकही दिसेना. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की पहिला कुत्रा भरपेट जेवलेला होता आणि दुसरा उपाशी. जेवू घातलेल्या कुत्र्यात दोरे पुन्हा दिसले. ह्या शोधाचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२७ साली निघाले. त्यातली चित्रे रंगीत होती. शरीररचनेच्या पुस्तकात रंगीत छपाई झाली ती हीच पहिली असे मानतात.

पण ओढा कुठे जातो ते आसेल्लींना उमगले नाही. सर्व अन्नरस यकृतात जातो आणि तिथे त्याचे रक्त होते, हे गेलनचे मत तेव्हा जवळजवळ दीड हजार वर्षे वेदवाक्य होते, म्हणून त्यांनी आपला ओढाही यकृताला नेऊन जोडला. १६५१ साली फ्रान्समधल्या झाँ पेके ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात खरी वाट दाखवली : आतड्याजवळ दाबले की मानेजवळच्या शिरेतून पांढरा द्रव येतो. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या थॉमस बार्थोलिन ह्यांनी माणसाच्या शरीरातही ती नळी दाखवली, आणि यकृताचे राज्य संपले म्हणून त्याच्या नावाने विनोदी मृत्युलेखही लिहिला. माणसाने डोळ्यांनी पाहिलेले आणि पोथीत वाचलेले ह्यांत पोथी निवडली की वाट कशी चुकते, ह्याचा हा चांगला धडा आहे.

आता ज्यासाठी मी हे सगळे सांगत आलो, तिथे येतो. कुठलीही वाट फुटू शकते. ही पांढरी वाट फुटली तर काय होते?

काही वर्षांपूर्वी एक माउली आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मुलगा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, चंद्रपूरकडच्या खेड्यात वाढलेला, शहरात नोकरीला. अंगाने अगदी उतरलेला, नजर खाली. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, याच्या ताटात तुपाची कमी नाही जी, तरी पोरगं वाळूनच राह्यलं. दोन सोयरिकी आल्या, दोन्ही यानंच मोडल्या." आईला बाहेर बसवल्यावर तो बोलला. वर्षभर मधूनमधून त्याची लघवी दुधासारखी पांढरी होत होती. कोणाला सांगायची लाज. रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतींवर तरुण मुलांच्या मनात भय घालणाऱ्या ज्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्यांतली एक वाचून तो एका भोंदू माणसाकडे गेला. त्याने सांगितले, "धातू चालला आहे." औषध म्हणून महागडी पुडी दिली, आणि पथ्य काय? रोज सकाळी वाटीभर तूप, रात्री आटवलेले दूध, बदामाचा हलवा. मुलाने कर्ज काढून ते केले. जितके तूप खाई तितकी लघवी अधिक पांढरी होई, आणि जितकी पांढरी होई तितके तो अधिक तूप खाई. आपण आता लग्नाच्या योग्यतेचे उरलो नाही, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

मी त्याला दोन दिवस तूप, तेल, दूध, शेंगदाणे, खोबरे काही न खाता भाकरी, बिनफोडणीचे वरण, भात, उकडलेली भाजी आणि फळे एवढ्यावर राहायला सांगितले. दुसऱ्या संध्याकाळी लघवी पाण्यासारखी स्वच्छ. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला भरपूर लोणी घालून जेवायला लावले. काही तासांनी बाटली पुन्हा पांढरी. चारशे वर्षांपूर्वी जेवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांत जो फरक दिसला होता तोच हा. बाटलीत जे होते ते त्याचे पौरुष नव्हते. ते दुपारचे लोणी होते. प्रयोगशाळेनेही त्यात तुपाचे कण असल्याचे कळवले. मी ते त्याला समजावून सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "म्हणजे मी लग्न करू शकतो?" मी म्हटले, "अवश्य. फक्त पंगतीत जिलबी जरा बेतानेच खा."

हे होते कशाने? बहुतेक वेळा हत्तीरोगाच्या जंतामुळे. डास चावून शरीरात शिरलेला हा सुताएवढा बारीक जंत लसीकेच्या नळ्यांत वर्षानुवर्षे राहतो. नळ्या फुगतात, झडपा निकामी होतात, ओढा तुंबतो आणि साचलेला पांढरा रस मूत्रपिंडाच्या बाजूला वाट काढतो. त्यातून केवळ तूप जात नाही, प्रथिनेही जातात. म्हणून माणूस खाऊनपिऊन वाळतो. पाय सुजलेला दिसला तर शेजारीपाजारी ओळखतात. पण हा रोग बाहेरून दिसत नाही. बायकांनाही तो होतो, आणि अंगावरून पांढरे जाते आहे असे समजून त्या कित्येक महिने गप्प राहतात.

गंमत अशी की, हा जंतच मुळी पांढऱ्या लघवीमुळे उजेडात यायला मोठी मदत झाली. १८६६ साली ब्राझीलमध्ये वुखेरर ह्या डॉक्टरांना अशा लघवीत सूक्ष्म जंत दिसले. १८७० साली कलकत्त्यात टिमथी लुइस ह्यांनी तेच पाहिले आणि १८७२ साली त्यांना ते रुग्णाच्या रक्तातही सापडले. १८७७ साली चीनमध्ये काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन ह्यांनी हा जंत डासाच्या शरीरात वाढतो हे दाखवले. एखादा रोग डासाच्या अंगात वाढतो, ही कल्पना तोवर कोणाला पटण्यासारखीही नव्हती. भोंदू लोक जिचे भय विकतात, ती पांढरी बाटली शास्त्राला एवढी मोठी वाट दाखवून गेली.

त्या मुलाचे पुढे काय झाले? रात्री काढलेल्या रक्तात जंत दिसले नाहीत. अशा रुग्णांत ते पुष्कळदा दिसतही नाहीत. जंतावरच्या गोळ्या दिल्या, तेल-तूप अगदी कमी केले, डाळी, ताक आणि अंड्यांतला पांढरा भाग वाढवला. स्निग्ध पदार्थांत ज्यांच्या शेपट्या आखूड असतात ते मात्र ह्या ओढ्यात न उतरता साखरेसारखे सरळ यकृताकडे जातात. अशा आखूड शेपट्यांचे तेल वेगळे काढून औषधाच्या दुकानात मिळते. तेवढे त्याला जेवणात घ्यायला सांगितले. खोबरेल तेलात त्यांचा वाटा इतर तेलांहून जास्त असतो, पण सगळे खोबरेल त्या वाटेने जात नाही. तेव्हा कोकणातल्या वाचकांनी हे वाचून नारळ फोडायला घेऊ नये. पथ्याने पुष्कळ फरक पडला, पूर्ण थांबेना. तेव्हा मूत्रविकारतज्ज्ञांनी दुर्बीण घालून डाव्या बाजूने पांढरी धार येते हे पाहिले आणि तिथून औषध सोडले. गळती बंद झाली. असा रोग काही जणांत आपोआप थांबतो आणि काही जणांत पुन्हा डोके वर काढतो, हेही त्याला सांगून ठेवले आहे. वर्षभराने त्याच्या लग्नाची पत्रिका आली.

गढूळ लघवी म्हणजे प्रत्येक वेळी हाच रोग नव्हे. पू झाला तरी ती गढूळ होते, क्षारांनीही होते. म्हणून घरी तर्क करू नये. बाटली घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे किंवा सरकारी रुग्णालयात जावे. दाखवायला लाज वाटते ती एकदाच. लपवायची ठरवली तर ती रोज वाटते.

आणि ज्यांचे गाव पूर्व विदर्भात किंवा हत्तीरोगाची लागण असलेल्या दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात आहे, त्यांना एक विनंती. हत्तीरोगाविरुद्ध देशाची मोहीम १९५५ पासून चालू आहे, आणि लागण असलेल्या जिल्ह्यांत सर्वांना एकाच वेळी गोळ्या द्यायची पद्धत २००४ पासून देशभर पडली. २०१९ साली नागपूर जिल्ह्यात दोनाऐवजी तीन औषधे एकत्र द्यायला सुरुवात झाली. आरोग्यसेविका दाराशी येतात तेव्हा "ठेवून जा, मग घेऊ" असे म्हणून त्या गोळ्या फडताळात टाकू नयेत. दोन वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि फार आजारी माणसे सोडून इतरांनी त्या सेविकेच्या समोरच गिळाव्यात. रिकाम्या पोटी मात्र नको. "मला काही झालेले नाही, मी का घेऊ?" असे धडधाकट माणसे विचारतात. रक्तात जंत असलेला माणूस बाहेरून धडधाकटच दिसतो. त्याच्या रक्तातून डास तो दुसऱ्या घरी नेतो. हे डास घाण साचलेल्या पाण्यात वाढतात आणि रात्री चावतात. दिवाळीची झाडलोट अंगणापाशी थांबवू नका. मोरीच्या मागचे तुंबलेले गटारही त्यात धरा.

फराळ अवश्य करा आणि आनंदाने खा. उरलेल्या चकल्यांचा डबा मात्र उंच फळीवर ठेवा. आतड्याला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणायचे काम हाताचे आहे.